पुस्तक आणि पडदा : एका अभ्यासविषयाची जन्मकथा

परदेशातील काही विद्यापीठांत बी. ए. च्या पदवीसाठी साहित्य आणि चित्रपट हे दोन विषय जोडीने शिकवले जातात, असे सांगितले की आपल्याकडील बहुतेक पालकांच्या कपाळावर आठी पडते. शेक्सपिअर शिकावा, हे समजू शकते. पण हिचकॉक शिकावा, त्यावर निबंध लिहावेत, परीक्षा द्यावी आणि वर पदवी मिळवावी? सिनेमा पाहायला कॉलेज कशाला हवे, हा प्रश्न मग सहज तोंडी येतो. प्रश्न रास्तच आहे, फक्त तो नवा नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील नामवंत विद्वानांनी अगदी हाच प्रश्न इंग्रजी साहित्याविषयी विचारला होता. स्वतःच्या मातृभाषेतील कविता-कादंबऱ्या वाचायला विद्यापीठ कशाला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. साहित्याला विद्यापीठाचे दार कसे उघडले आणि पुढे त्याच दारातून चित्रपट आत कसा आला, याची हकीकत मोठी उद्‌बोधक आहे. प्रस्तुत लेखात ती थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे खरी विद्या म्हणजे ग्रीक, लॅटिन आणि गणित. इंग्रजी हा विषय तेथे नव्हताच. तो प्रथम आला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, इ. स. १८२८ मध्ये. हे कॉलेज नवे होते, प्रवेशासाठी धर्माची अट न घालणारे होते, आणि म्हणूनच जुन्या विद्यापीठांच्या दृष्टीने काहीसे कमी प्रतीचे होते. पुढे कित्येक वर्षे इंग्रजी साहित्य म्हणजे कामगारांच्या रात्रवर्गांत आणि स्त्रियांच्या व्याख्यानमालांत शिकवण्याजोगा सोपा विषय, अशीच समजूत होती.

यात एक गंमत आहे आणि तिचा संबंध थेट आपल्या देशाशी आहे. हिंदुस्थानावर राज्य करायला पाठवायच्या मुलकी अधिकाऱ्यांची खुली स्पर्धापरीक्षा लंडनमध्ये १८५५ साली सुरू झाली. तिच्या आराखड्यात इंग्रजी भाषा, साहित्य व इतिहास यांना मिळून १,५०० गुण ठेवले होते. ग्रीक व लॅटिन यांना प्रत्येकी ७५०, आणि ज्या देशात जायचे तेथील विद्येच्या भाषा म्हणून संस्कृत व अरबी यांना प्रत्येकी ३७५! म्हणजे हिंदुस्थानात कलेक्टर होण्यासाठी इंग्रजी साहित्याला एवढे वजन, पण ऑक्सफर्डमध्ये त्याची स्वतंत्र पदवी मिळण्यास १८९४ साल उजाडावे लागले. आपल्या मुंबई विद्यापीठातही मराठीला वरच्या परीक्षांत स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत खटपट करावी लागली होती, हे येथे आठवावे. मातृभाषेतील वाङ्मयाला विद्येचा मान सहजासहजी कोठेच मिळालेला नाही.

ऑक्सफर्डमधील वाद तर चांगलाच रंगला. इतिहासाचे प्राध्यापक एडवर्ड फ्रीमन यांनी १८८७ साली या विषयाची जाहीर टर उडवली. शेली या कवीच्या घरगुती भानगडींची चर्चा म्हणजे विद्या नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्यांचा आक्षेप मात्र मुद्द्याचा होता. अभिरुचीची परीक्षा कशी घेणार? व्याकरण चुकले की गुण कापता येतात. कविता आवडली नाही म्हणून गुण कसे कापायचे? यावर ऑक्सफर्डने तोडगा काढला तो असा की, साहित्य शिकवायचे पण त्याबरोबर जुन्या अँग्लो-सॅक्सन भाषेचे कडक व्याकरण सक्तीचे करायचे. विषय अवघड झाला आणि अवघड झाला म्हणून प्रतिष्ठित झाला. ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. चित्रपटाच्या बाबतीत ती पुन्हा दिसणार आहे.

फ्रीमन यांच्या आक्षेपाला खरे उत्तर मिळाले ते केंब्रिजमध्ये. तेथे इंग्रजीची पदवी-परीक्षा १९१७ मध्ये मान्य झाली. आय. ए. रिचर्ड्‌स या तरुण अध्यापकाने एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या हाती कविता द्यायची, पण कवीचे नाव आणि काळ सांगायचा नाही. कविता पुन्हा पुन्हा वाचा आणि तुम्हाला काय आढळले ते लिहून आणा, एवढीच सूचना. जी उत्तरे आली ती पाहून लोक थक्क झाले. मोठ्या कवींच्या कविता विद्यार्थ्यांनी भिकार ठरवल्या होत्या आणि सामान्य कवितांना डोक्यावर घेतले होते. नावे झाकली की विद्वत्तेचे सोंगही गळून पडते! रिचर्ड्‌स यांचे या प्रयोगावरील पुस्तक १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. कवितेतील प्रत्येक शब्द तेथेच का आला, दुसरा का नाही, हे पुराव्यासह दाखवता येते आणि ते शिकवताही येते, हे त्यातून सिद्ध झाले. आज जगभर साहित्याच्या वर्गात जे बारकाईचे वाचन चालते, त्याचा पाया तेथे घातला गेला.

त्याच परंपरेतील एफ. आर. लीव्हिस हे नाव पुढील हकीकतीसाठी महत्त्वाचे आहे. हा मनुष्य मोठा करारी. जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी इंग्लंडमध्ये बंदीखाली असताना १९२६ साली त्यांनी ती वर्गात शिकवण्यासाठी मागवण्याची परवानगी मागितली, तेव्हा सरकारी वकिलांपासून कुलगुरूंपर्यंत पत्रव्यवहार झाला. परवानगी मिळाली नाही. अशा धाडसी अध्यापकाचे चित्रपटाविषयीचे मत मात्र अत्यंत प्रतिकूल होते. १९३० साली लिहिलेल्या एका पुस्तिकेत त्यांनी चित्रपटाची गणना माणसाला गुंगीत ठेवून त्याच्या स्वस्त भावना चाळवणाऱ्या गोष्टींत केली. शाळेतील मुलांना जाहिराती, वर्तमानपत्रे व सिनेमा यांपासून सावध करावे, असे त्यांचे धोरण होते. थोडक्यात, फ्रीमन साहेबांनी साहित्याला जे म्हटले तेच लीव्हिस साहेबांनी सिनेमाला म्हटले. दाराबाहेर उभा असलेला पाहुणा आत आला की पुष्कळदा तोच दाराला आतून कडी घालतो.

आणि तरीही ती कडी काढली लीव्हिस यांच्याच व्याख्यानांना बसलेल्या एका विद्यार्थ्याने. त्याचे नाव रॉबिन वुड. हे १९३१ साली जन्मले, केंब्रिजमध्ये शिकले आणि पुढे बरीच वर्षे शाळेत इंग्रजीचे शिक्षक होते. (आम्हा शिक्षकमंडळींना हे वाचून थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी.) १९६० मध्ये हिचकॉक यांचा ‘सायको’ हा चित्रपट आला. लोकांनी तो भीतीदायक करमणूक म्हणून पाहिला. वुड यांनी तो कविता वाचावी तसा पाहिला आणि त्यावर लेख लिहिला. तो छापला गेला पॅरिसच्या ‘काहिए द्यू सिनेमा’ या फ्रेंच मासिकात. फ्रान्समधील तरुण समीक्षक चित्रपटाच्या दिग्दर्शकाला लेखकासारखा मान देत होते. इंग्लंडमध्ये ती हवा अजून पोहोचायची होती.

१९६५ साली वुड यांचे हिचकॉकवरील पुस्तक निघाले. त्याची सुरुवातच या प्रश्नाने होते की, हिचकॉकचा विचार गंभीरपणे का करावा? त्यांचे उत्तर साहित्याच्या वर्गातूनच आले होते. हिचकॉक धंद्यासाठी चित्रपट काढतो, गर्दी खेचतो, म्हणून तो कलावंत नाही असे म्हणाल, तर शेक्सपिअरचे काय? एलिझाबेथ राणीच्या काळातील नाटकेही तिकीट काढून येणाऱ्या गर्दीसाठीच लिहिली गेली. ‘सायको’चा विचार करताना वुड यांनी ‘मॅकबेथ’ आणि कॉनरॅड यांची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ यांच्याशी त्याची तुलना केली. पण केवळ मोठी नावे घेऊन ते थांबले नाहीत. कॅमेरा कोणाच्या नजरेने पाहतो, नायिका चित्रपट निम्माही झाला नसताना मारली जाते तेव्हा प्रेक्षकाची सहानुभूती कोणाकडे वळते आणि आपण नकळत कोणाच्या बाजूचे होऊन बसतो, याची त्यांनी प्रसंगवार छाननी केली. लीव्हिस यांनी कादंबरीला जे प्रश्न विचारले होते, तेच शिष्याने पडद्याला विचारले. ही कृती माझ्या मते अनेक जाडजूड सिद्धांतांपेक्षा मोलाची आहे.

हे काम एकट्या वुड यांचे नव्हते. ऑक्सफर्डच्या काही तरुणांनी १९६२ मध्ये ‘मूव्ही’ नावाचे नियतकालिक सुरू केले. त्यांतील व्ही. एफ. पर्किन्स यांचे ‘फिल्म अॅज फिल्म’ हे १९७२ मधील पुस्तक आजही पाठ्यपुस्तकासारखे वापरले जाते. १९३३ पासून अस्तित्वात असलेल्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शिक्षण विभागात पॅडी व्हॅनेल हे गृहस्थ होते. त्यांनी आणि जमैकातून आलेल्या स्टुअर्ट हॉल या शिक्षकाने मिळून १९६४ साली ‘द पॉप्युलर आर्ट्‌स’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे शहाणपणाचे होते. सिनेमा सगळा वाईट आणि पुस्तक सगळे चांगले अशी विभागणी न करता, सिनेमातच चांगले कोणते व टाकाऊ कोणते हे ओळखायला मुलांना शिकवा. त्याच सुमारास, १९६३ साली, इंग्लंडमधील माध्यमिक शिक्षणाविषयीच्या न्यूसम समितीनेही सर्वसाधारण मुलांच्या शिक्षणात चित्रपट व दूरदर्शन यांच्या डोळस अभ्यासाची शिफारस केली. म्हणजे हा विषय वरून खाली आला नाही. तो शाळेच्या वर्गातून विद्यापीठाकडे चढत गेला.

विद्यापीठांनी आपल्या पैशाने लगेच जागा निर्माण केल्या असत्या, असे वाटत नाही. लंडनच्या स्लेड कलाशाळेत थोरोल्ड डिकिन्सन हे १९६० पासून चित्रपट शिकवू लागले आणि १९६७ मध्ये ते ब्रिटनमधील चित्रपटाचे पहिले प्राध्यापक झाले. ते स्वतः दिग्दर्शक होते. पुश्किनच्या कथेवरचा ‘द क्वीन ऑफ स्पेड्‌स’ हा १९४९ चा चित्रपट त्यांचाच. पुढे फिल्म इन्स्टिट्यूटने युक्ती केली. काही विद्यापीठांना तिने चित्रपटाच्या व्याख्यात्याचा पगार सुरुवातीची काही वर्षे देऊ केला. विषय रुजला तर पुढचा भार विद्यापीठाने उचलावा. कॉव्हेंट्री शहराजवळील वॉरिक विद्यापीठ १९६५ मध्ये स्थापन झालेले, नवे आणि नव्याला न भिणारे. तेथे १९७३ मध्ये या योजनेखाली रॉबिन वुड यांची नेमणूक झाली. मधल्या काळात ते कॅनडात शिकवून आले होते. १९७७ मध्ये ते पुन्हा टोरांटोला गेले, आणि १९७८ मध्ये वॉरिकला पर्किन्स आले. ‘चित्रपट आणि साहित्य’ ही जोडपदवी तेथे उभी राहिली आणि टिकली.

या जोडपदवीत विद्यार्थी करतो तरी काय, असे पालक विचारतील. कादंबरी वाचणे आणि मग तिच्यावरचा सिनेमा पाहून ‘पुस्तकच बरे होते’ म्हणणे, एवढेच असते तर खरोखरच कॉलेजची गरज नव्हती. मूळ पुस्तकाशी चित्रपट इमानदार राहिला की नाही, या एकाच प्रश्नात हा अभ्यास बरीच वर्षे अडकून पडला होता. अमेरिकेत जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ साली कादंबरी व चित्रपट यांवर पहिला भरीव ग्रंथ लिहिला. शब्दातून मनात उमटणारे चित्र आणि डोळ्यांना दिसणारे चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा कादंबरीचा चित्रपट होताना बदल अटळ आहे, हे त्यांनी त्यात ठासून सांगितले. शिवाय मोठ्या पुस्तकाचा मोठाच चित्रपट होतो असे नाही आणि उलटही नाही. ‘सायको’ ज्या रॉबर्ट ब्लॉक यांच्या कादंबरीवर आधारला आहे, तिचे नाव आज चित्रपटामुळेच घेतले जाते.

देवाणघेवाण तर फार जुनी आहे. अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथ यांनी १९०८ मध्ये टेनिसनच्या काव्यावरून एक लहान मूकपट काढला. त्यात दूर बेटावर अडकलेला नवरा आणि घरी वाट पाहणारी बायको अशी दृश्ये त्यांनी आलटून पालटून दाखवली. अशी उड्या मारणारी गोष्ट लोकांना कळणार कशी, अशी शंका निघाली, तेव्हा डिकन्स असेच लिहीत नाही का, असा उलट सवाल त्यांनी केला, ही आठवण त्यांच्या पत्नीने नोंदवली आहे. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांनी १९४४ च्या आपल्या निबंधात हाच धागा धरून, चित्रपटाच्या संकलनाची मुळे डिकन्सच्या कादंबरीत कशी आहेत हे वाक्यावाक्याने दाखवले. म्हणजे डिकन्स वाचणारा विद्यार्थी नकळत सिनेमाचेही व्याकरण शिकत असतो.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. प्रेमचंद यांची ‘शतरंज के खिलाडी’ ही १९२४ ची कथा पुष्कळांनी वाचली असेल. अवधचे राज्य इंग्रज गिळत आहेत आणि मिर्झा व मीर हे दोन जहागीरदार बुद्धिबळात बुडालेले आहेत. शेवटी डावावरून भांडण होते, तलवारी निघतात आणि दोघेही एकमेकांच्या हातून मरतात. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये या कथेवर चित्रपट केला तेव्हा दोघांना जिवंत ठेवले. पिस्तुलाची गोळी सुटते, पण मिर्झाला फक्त चाटून जाते. नंतर दोघे पुन्हा पट मांडतात, आणि तोही इंग्रजी पद्धतीने, जिच्यात वजिराच्या जागी राणी असते. कथेत नवाब वाजिद अली शाह जवळजवळ पडद्याआडच आहे. चित्रपटात तो समोर येतो, गातो, कवी म्हणून बोलतो आणि अखेर स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट काढून इंग्रज रेसिडेंट औट्रम यांच्यासमोर धरतो. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी अवध खालसा झाले, हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत असते.

आता परीक्षेतील प्रश्न असा येईल : दोघांना जिवंत ठेवून राय यांनी कथा सौम्य केली की अधिक बोचरी केली? प्रेमचंदांच्या शेवटात निदान तलवार तरी चालते. रायच्या शेवटात तेवढेही होत नाही. राज्य जाते आणि खेळ चालू राहतो. मला रायचा शेवट अधिक जिव्हारी लागणारा वाटतो. उलट मत असणाऱ्या विद्यार्थ्यालाही पूर्ण गुण मिळू शकतात, मात्र कथेतील कोणते वाक्य आणि पडद्यावरील कोणते दृश्य यांच्या आधाराने तो बोलतो, हे त्याला दाखवावे लागेल. फ्रीमन साहेबांच्या आक्षेपाचे उत्तर येथे आहे. गुण आवडीला नाहीत, पुराव्याला आहेत.

हा पुरावा गोळा करणे पूर्वी सोपे नव्हते. पुस्तकाचे पान उलटून मागे जाता येते. चित्रपट मात्र डोळ्यांसमोरून निघून जातो. वुड यांनी हिचकॉकवर लिहिले त्या काळात घरी चित्रपट थांबवून पाहण्याची सोय नव्हती. चित्रपटगृहात पुन्हा पुन्हा जायचे, अंधारात टिपणे घ्यायची आणि स्मरणावर भिस्त ठेवायची. विद्यापीठांत सोळा मिलिमीटरच्या प्रिंट भाड्याने आणून प्रोजेक्टरवर दाखवत. व्हिडिओ कॅसेट सर्रास झाल्यावर विद्यार्थी एखादा प्रसंग दहा वेळा मागे-पुढे करून पाहू लागला. माझ्या समजुतीप्रमाणे, या विषयाच्या वाढीस सिद्धांतांइतकीच या साध्या यंत्राचीही मदत झाली.

सिद्धांतांचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९७० च्या दशकात ‘स्क्रीन’ नावाच्या ब्रिटिश नियतकालिकाने फ्रेंच चिन्हमीमांसा आणि मनोविश्लेषण यांची परिभाषा चित्रपट-अभ्यासात आणली. ते निघत होते चित्रपट शिकवणाऱ्या शिक्षकांच्या संघटनेकडून, पण त्यातील लेख समजणे शिक्षकांनाही जड जाऊ लागले. वुड यांचे या मंडळींशी खटके उडाले. अँग्लो-सॅक्सन व्याकरणाची जुनी युक्ती येथे दुसऱ्या वेषात आलेली दिसते. नव्या विषयाला मान हवा असतो आणि मान मिळवण्यासाठी तो दुर्बोध होतो. त्या मंथनातून काही चांगलेही निघाले. पडद्यावर स्त्री कशी दाखवली जाते, परका माणूस कसा दाखवला जातो, हे प्रश्न त्यानंतर टाळता येईनासे झाले. वुड यांनीही आपल्या हिचकॉकवरील पुस्तकाची १९८९ मध्ये फेरमांडणी केली, तेव्हा त्यात या नव्या प्रश्नांची दखल घेतलेली आहे.

या हकीकतीचा एक फाटा आपल्या पुण्यापर्यंत येतो. मेरी सीटन या ब्रिटिश बाई, आयझेनस्टाइन यांच्या चरित्रकार, १९५० च्या दशकाच्या मध्यास भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आल्या आणि त्यांनी गावोगाव चित्रपट रसास्वादावर व्याख्याने दिली. पुढे १९७१ मध्ये सत्यजित राय यांच्यावरचा ग्रंथ त्यांनीच लिहिला. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवणारे सतीश बहादूर हे मूळचे आग्र्याचे अर्थशास्त्राचे अध्यापक. तेथे ते फिल्म सोसायटी चालवीत असत. पी. के. नायर यांनी संग्रहालयात जमवलेल्या प्रिंट आणि बहादूर यांचे शिकवणे यांच्या जोरावर रसास्वादाचे उन्हाळी अभ्यासक्रम उभे राहिले, आणि त्यांना कॉलेजांतील साहित्याचे प्राध्यापकही येऊन बसू लागले.

विद्यापीठात स्वतंत्र विभाग होण्यास मात्र वेळ लागला. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात कवी बुद्धदेव बसू यांनी १९५६ मध्ये तौलनिक साहित्याचा विभाग सुरू केला होता. त्याच विद्यापीठात १९९३ मध्ये चित्रपट-अभ्यासाचा विभाग निघाला, तो भारतीय विद्यापीठांतील पहिला. येथेही साहित्य आधी आणि चित्रपट मागून, हा क्रम सुटला नाही.

वास्तविक आपल्याकडे ही जोडी फार पूर्वीच जमलेली होती. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा देशातील पहिला चित्रपट म्हणजे १९५३ चा ‘श्यामची आई’, साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी काढलेला. दुसऱ्या वर्षीचे पदक मिळाले सोहराब मोदी यांच्या ‘मिर्झा गालिब’ला, त्याची कथा सआदत हसन मंटो यांची आणि संवाद राजिंदरसिंह बेदी यांचे. मंटो, बेदी, इस्मत चुगताई, कृष्णचंदर हे सगळे उर्दूचे श्रेष्ठ कथाकार मुंबईच्या चित्रपटसृष्टीसाठीही लिहीत होते. त्यांच्या कथा विद्यापीठांनी अभ्यासक्रमाला लावल्या. त्यांच्या पटकथांची पाने मात्र अभ्यासासाठी फारशी कोणी उघडली नाहीत, आणि ती शोधून नीट वाचण्याचे काम अजून पुष्कळसे व्हायचे आहे. उर्दू वाचता येणाऱ्या आणि मराठीतून शिकलेल्या आपल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला ते इतरांपेक्षा सोपे जाईल.